ओकायामाला इंग्रजी शिकवायला निघालेल्या मुलीस

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. नेमणूक जपानमधल्या ओकायामाकडच्या प्राथमिक शाळांत झाली हे वाचून फार आनंद झाला. जपानी शिकत असताना पुण्यातल्या पु. ल. देशपांडे उद्यानात तू कितीदा तरी गेली असशील. ते ज्या कोराकुएनवरून घडवलं, ती मूळ बाग आता सुट्टीच्या दिवशी निवांत पाहता येईल. पण निम्मं पत्र तू एकाच काळजीत घालवलं आहेस. ‘मी ना अमेरिकन, ना ब्रिटिश, हॅलोविन आणि ख्रिसमसचे तास मी कसे घेणार?’ म्हणून आज त्याबद्दलच लिहिते.

ते तास अमेरिकन होऊन घेऊच नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. २०२० च्या एप्रिलपासून तिथे पाचवी-सहावीला इंग्रजी रीतसर विषय झाला. त्यांना वर्षाला ७० तास मिळतात आणि तिसरी-चौथीला ३५. एक तास म्हणजे ४५ मिनिटं. त्यातले दोन-तीन तास हॅलोविनचे कागदी भोपळे रंगवण्यात गेले तर उरतं काय? आणि भोपळा हातात धरून ‘व्हॉट इज धिस?’ विचारलं, तर उत्तर विचारणाऱ्यालाही ठाऊक आणि पोरांनाही ठाऊक. अशा प्रश्नाला मनापासून कोण उत्तर देईल? जपानी मुलं वर्गात गप्प बसतात त्यामागे चारचौघांत चुकण्याची भीती असते, हे खरंच. पण कोणी काही खरोखरच विचारत नाही, हेही तितकंच मोठं कारण आहे, असं मला तिथे शिकवताना सतत जाणवत असे.

तुझ्याकडे इथेच मोठं भांडवल आहे. सेत्सुबुनच्या सणाला त्यांच्या घरी नेमकं काय होतं, हे तुला खरोखरच माहीत नाही. पुस्तकात वाचलं असशील, पण त्या घरातलं नाही. तेवढं अज्ञान वर्षभर पुरतं.

सेत्सुबुन येतो फेब्रुवारीच्या सुरुवातीला, बहुतेक वर्षी ३ तारखेला. भाजलेले सोयाबीन फेकून ओनीला, म्हणजे राक्षसाला, घराबाहेर पिटाळायचं आणि मग आपल्या वयाइतके दाणे खायचे. दुसऱ्या दिवशी वर्गात गेलीस की एवढंच विचार, ‘हू वॉज द ओनी?’ बहुतेक घरांत बाबाच मुखवटा घालतात. ‘माय फादर.’ कुठे आजोबा, कुठे मोठी बहीण. मग ‘हाउ मेनी बीन्स?’ दहा-अकरा वर्षांचं पोर तो आकडा विचार न करता सांगतं. मग सहज विचार की तुमच्याकडे सोयाबीनच का? उत्तरेला, होक्काइदो आणि तोहोकूकडे, अनेक घरांत टरफलासकट शेंगदाणे फेकतात. वर्गात तिकडून आलेलं एखादं कुटुंब असलं की ते पोर ‘नो, पीनट्स!’ म्हणून उठेल आणि बाकीचे अवाक होऊन त्याच्याकडे बघतील. भूतकाळ शिकवायला याहून चांगला दिवस नाही. मात्र फळ्यावर व्याकरण लिहू नकोस. ‘आय इट’ म्हणालं तर तू ‘ओह, यू एट!’ म्हण आणि पुढे चल.

ख्रिसमसचंही तसंच. तिथला ख्रिसमस त्यांनी स्वतःचा करून घेतलेला आहे. त्या दिवशी सरकारी सुट्टी नसते, पण १९७४ साली केएफसीने केलेल्या जाहिरातीपासून त्या दिवशी तळलेली कोंबडी खायची पद्धत रुजली. ती आणि सोबत स्ट्रॉबेरी लावलेला पांढऱ्या क्रीमचा केक, हेच अनेक घरांतलं जेवण. कोंबडीची बादली आधीच सांगून ठेवावी लागते. म्हणजे मागणी नोंदवणं, वेळ ठरवणं, किती माणसं, किती तुकडे, हे सगळं रोजच्या वापरातलं इंग्रजी आयतंच हाताशी येतं. वर्गाचं दुकान कर. तू गिऱ्हाईक हो, त्यांना विकू दे. त्याच तासाला उच्चारही घे. त्यांच्या लिपीत तो सण ‘कुरिसुमासु’ होतो, म्हणून पाच टाळ्या वाजवायला लाव. मग इंग्रजी उच्चार दोनच टाळ्यांत बसवून दाखव. जोडाक्षरं आपल्याला लहानपणापासून अंगवळणी पडलेली असतात, त्यामुळे त्यांची जीभ कुठे अडते ते तुला पटकन कळेल.

तू ऑगस्टअखेर रुजू होशील, म्हणजे पहिला सण त्सुकिमी. चंद्र बघायचा, दांगो, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोळे, खायचे. चंद्रावरचा ससा त्यांच्याकडे मोची, म्हणजे चिकट तांदळाचा गोळा, कुटत असतो. ससा आपल्याकडेही आहे, फक्त तो काही कुटत नाही. तेव्हा ‘इन इंडिया, द रॅबिट इज…’ एवढं म्हणून थांब आणि ससा काय करत असेल ते त्यांना सांगू दे. २०२५ साली त्यांची त्सुकिमी आणि आपली कोजागिरी एकाच रात्री, ६ ऑक्टोबरला आली होती. एरवी बऱ्याचदा महिन्याचा फरक पडतो. मसाला दुधाचा फोटो जवळ ठेव, पण त्यांनी विचारल्यावर दाखव. याच दिवसांत मॅकडोनाल्ड्समध्ये अंडं घातलेला त्सुकिमी बर्गर येतो, १९९१ पासून. मुलांना तो सणाइतकाच प्रिय असतो, तेव्हा त्याला कमी लेखू नकोस.

आता अॅनिमे आणि खेळ. तू विचारलं आहेस की संवाद पाठ करून घेऊ का. नको. तलवार उपसून ओरडणाऱ्या नायकाचं वाक्य दुकानात किंवा दवाखान्यात कामाला येत नाही. पात्रांसारखं बोलायला शिकवण्यापेक्षा पात्रांबद्दल बोलायला लाव. तू लहानपणी टीव्हीवर पोकेमॉन पाहिलास तो इंग्रजी नावांनी. पिकाचू तिथेही पिकाचूच आहे, पण तुझ्या अॅशला, म्हणजे त्यातल्या नायकाला, ते सातोशी म्हणतात आणि शेपटीला ज्योत असलेल्या चार्मँडरला हितोकागे. हा फरक फार उपयोगी पडतो. चौथीतला एक मुलगा माझ्या तासाला तोंडच उघडत नसे. त्याच्या पेन्सिलच्या पाउचला हितोकागे लटकत होता. मी म्हटलं, ‘चार्मँडर!’ तो चमकला. ‘नो. हितोकागे.’ मी चार्मँडरच म्हणत राहिले. त्याने शेपटीवर बोट ठेवलं, ‘फायर.’ मी ‘टेल’ हा शब्द दिला. ‘फायर… टेल. हितोकागे!’ शेजारची मुलगी म्हणाली, ‘ऑरेंज.’ मागून कुणी तरी झेनिगामे हा पाण्यातला पोकेमॉन काढला, ‘वॉटर! स्ट्राँग!’ आणि मधली सुट्टी संपेपर्यंत चार-पाच जण भांडत होते. त्या भांडणात मी घातलेली भर म्हणजे एक ‘स्ट्राँगर’.

म्हणून पहिल्या आठवड्यात पाउच आणि दप्तरांना लटकलेल्या वस्तू नीट बघून ठेव. कुणाचं काय आवडतं ते तिथे कळतं. डोरेमॉन तू हिंदीत पाहिलास हे मात्र जरूर सांग. तो हिंदी बोलतो हे ऐकून त्यांचे डोळे विस्फारतात आणि मग प्रश्न तेच विचारू लागतात.

एक मोह मात्र टाळ. तुझं जपानी चांगलं आहे. मुलं अडखळली की तुला चटकन जपानीत सांगावंसं वाटेल. वर्गात जपानी समजून घे, उत्तर सोप्या इंग्रजीत दे. वर्गशिक्षकांशी मात्र जपानीतच आणि आदबीने बोल. तास त्यांचा असतो, तू सहायक. तासाचा बेत आदल्या दिवशी त्यांना दाखवत जा. अनेक शिक्षकांना स्वतःच्या इंग्रजीचा संकोच असतो, म्हणून मुलांसमोर त्यांना कधीही दुरुस्त करू नकोस.

आणि जेवण वर्गातच, मुलांबरोबर कर. तू शाकाहारी आहेस आणि तिथे साध्या सूपमध्येही मासळीचा अर्क असतो, त्यामुळे डबा न्यावा लागेल. मुख्याध्यापकांना ते आधीच कळव. पण डबा शिक्षकांच्या खोलीत बसून खाऊ नकोस. डबा उघडला की ‘व्हॉट इज दॅट?’ हा प्रश्न न शिकवता येईल. तानाबाता या ताऱ्यांच्या सणाला, ७ जुलैला, शाळेच्या जेवणात बऱ्याचदा ताऱ्यांच्या आकाराची जेली असते. ती कुणाला देणार यावर चर्चा होऊ दे. त्या दिवशी बांबूला टांगायच्या चिठ्ठ्यांवर ‘आय वॉन्ट टु बी’ लिहायला लावतातच. तेही घे, पण मला जेलीची चर्चा जास्त मोलाची वाटते.

स्वतःची ओळख करून देण्याच्या पहिल्या तासाची तयारी मला पाठव, बघून देईन. ताजमहालाचं चित्र काढून टाक. तुझ्या घराचा जिना, आईची पोळीची परात, तुझी जुनी शाळा, असे चार-पाच फोटो घाल. प्रत्येक फोटोखाली काहीही लिहू नकोस, त्यांना विचारू दे.

तुझी,
सेन्सेई