झीटा फाय ईटात शिरण्याआधी

झीटा फाय ईटा ही 1893 साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात सुरू झालेली, संवादकलांची व्यावसायिक फ्रॅटर्निटी, म्हणजे त्या क्षेत्रातल्या विद्यार्थ्यांची संघटना. लॅम्डा पाय ईटाशी गल्लत करू नकोस. ती गुणवंतांची ऑनर सोसायटी, तिथे 60 क्रेडिट, एकूण जीपीए (ग्रेडची सरासरी) 3.0 आणि कम्युनिकेशनमध्ये 3.25 लागतो.

झीटाच्या रशमध्ये, म्हणजे नवे सदस्य निवडताना, माणूस बघतात. ‘नाटकाची आवड आहे’ एवढ्यावरच बहुतेकांची गाडी अडते. त्यापेक्षा कुठल्या प्रयोगाची प्रकाशयोजना केलीस, कुठला पॉडकास्ट एडिट केलास, ते सांग. प्लेज, म्हणजे उमेदवार सदस्य, होण्याआधी फीचा आकडा लेखी माग. राष्ट्रीय संस्थेची वेगळी, चॅप्टरची, म्हणजे कॉलेजातल्या शाखेची, वेगळी. प्लेज असशील त्या सत्रात जड विषय घेऊ नकोस, बैठका हमखास परीक्षेच्या तोंडावर येतात. आणि कुणी रात्रभर जागवलं, बळजबरीने दारू पाजली, तर ते हेझिंग, म्हणजे रॅगिंग. ‘परंपरा आहे’ म्हणतील. सरळ डीनचं ऑफिस गाठ.