शेत सेंद्रियच ठेवा, एफडी मात्र मोडू नका

कळव्याच्या एका ताईंचं पत्र आलंय. मुरबाड तालुक्यात सासऱ्यांची अडीच एकर भातशेती. तीन वर्षं युरिया बंद, सगळं शेणखत आणि जीवामृतावर. तांदूळ कॉलनीत ६० रुपये किलोने जातो. ‘ऑरगॅनिक’चं सर्टिफिकेट मिळालं तर ९० मिळतील, असा त्यांचा अंदाज आहे. त्यासाठी ४ लाखांची एफडी मोडायची: प्रमाणपत्र देणाऱ्या एजन्सीची फी वर्षाला ४५ हजार, उरलेल्यात छोटी गिरणी आणि पॅकिंग. ही एफडी मुलाच्या कॉलेजची, प्रवेश दोन वर्षांनी.

ताई, आधी तुमच्याच आकड्यांचा हिशेब मांडू. एकरी १० क्विंटल धरलं तर २५ क्विंटल भात, त्याचा तांदूळ साधारण १६ क्विंटल. घरचं तीन क्विंटल बाजूला काढलं की विकायला १३ उरतो. किलोमागे ३० रुपये जास्त मिळाले तरी वर्षाला ३९ हजार. फी ४५ हजार. म्हणजे सगळं मनासारखं झालं तरी सहा हजारांचा खड्डा, आणि ७ टक्क्यांनी एफडीवर मिळणारे २८ हजार गेले ते वेगळेच.

शिवाय ते ३९ हजार लगेच मिळणार नाहीत. निर्यातीलाही चालणारं जे प्रमाणपत्र आहे, एनपीओपीचं (केंद्राच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचं), त्यात भातासारख्या हंगामी पिकाला पेरणीआधी दोन वर्षांचा रूपांतराचा काळ, म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळण्याचा काळ, लागतो. तुमची तीन वर्षं खरी आहेत, मला त्यात शंका नाही. पण बियाणं-खताच्या पावत्या, नोंदी नसतील तर एजन्सी ती सहसा धरत नाही. थोडक्यात, लेबल लावलेली पहिली पिशवी विकण्याआधी ९० हजार गेलेले असतील, आणि नेमका तेव्हाच मुलाचा प्रवेश.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ: ‘वरच्या खाचरात शेजारी युरिया टाकतात, पण आम्ही नाही.’ भाताचं पाणी बांधावरून खालच्या खाचरात उतरतं, ताई. शेजाऱ्याचा युरिया त्याच पाण्यातून तुमच्याकडे येतो आणि तपासणीला आलेला माणूस पहिला प्रश्न त्याचाच विचारतो. हा प्रश्न पैशाने नाही, शेजाऱ्याला सोबत घेऊनच सुटेल.

म्हणून मी पीजीएस-इंडियाचा रस्ता सुचवतो. केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या या पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो, गटातले शेतकरी एकमेकांची शेतं तपासतात, एजन्सीची मोठी फी नाही. माल परदेशी पाठवता येत नाही, पण तुमचं गिऱ्हाईक कळवा-ठाण्याचंच आहे. वरच्या खाचराचा मालक गटात आला तर निम्मं काम झालं. मुरबाडच्या तालुका कृषी कार्यालयात जाऊन गट कसा नोंदवायचा ते विचारा.

तोवर विक्री थांबवायची गरज नाही. २०१७च्या सेंद्रिय अन्न नियमांनुसार वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या उत्पादकाने थेट खाणाऱ्याला माल विकला तर प्रमाणपत्राची सक्ती नाही. तुमची उलाढाल ९० रुपयांनी धरली तरी १ लाख १७ हजार. पण पिशवीच्या फोटोत तुम्ही ‘जैविक भारत’ हे प्रमाणित सेंद्रिय अन्नाचं सरकारी चिन्ह छापलेलं दिसतंय, ते आजच काढा. प्रमाणपत्राशिवाय ते लावता येत नाही.

गिरणीचा विचार तूर्त सोडा. १६ क्विंटलसाठी स्वतःचं यंत्र वर्षातले बहुतेक दिवस झाकून ठेवावं लागेल. गावच्या गिरणीवाल्याला सकाळची पहिली पाळी मागा, आधी यंत्र झाडून घ्या, पहिले चार-पाच किलो वेगळे काढा. नाहीतर दुसऱ्याचा तांदूळ तुमच्यात मिसळतो. भातानंतर वाल घेत असाल तर तेही याच गिऱ्हाइकांना द्या, कडव्या वालाला आपल्याकडे मागणी असतेच.

एजन्सीकडे कधी जायचं? एखादा मोठा दुकानदार किंवा निर्यातदार लेखी ऑर्डर द्यायला तयार झाला तर. तेव्हाही एकट्याने नाही. एनपीओपीत किमान २५ शेतकऱ्यांचा गट करून खर्च वाटून घेता येतो.

या पावसाळ्यापासून एक वही घाला: बियाणं कुठून आणलं, शेणखताच्या किती गाड्या, फवारणी कशाची आणि कधी. पावत्या त्यातच चिकटवा. आणि दिवाळीआधी कॉलनीतल्या १५ कुटुंबांना ८० रुपये भाव सांगून निम्मे पैसे आगाऊ मागून पाहा. किती जणांनी दिले ते मला कळवा.