मोठ्या घरात आलेली मुलगी गप्प का झाली?

“आम्ही दूर कुठे गेलेलोच नाही. शाळा तीच, माणसेही तीच. मग हिला झालंय तरी काय?” पुनर्विकासातून नव्या इमारतीत राहायला आलेले पालक हा प्रश्न समुपदेशक म्हणून मला वरचेवर विचारतात. घर दूर गेले, शाळा सुटली, मित्र तुटले तर मूल कोमेजते, हे त्यांना मान्य असते. पण घर मोठे झाले आणि तेही त्याच परिसरात, तर तक्रारीला जागा कुठे उरते, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत असते.

ज्या कुटुंबाविषयी मी लिहीत आहे, ते मध्य मुंबईतील एका जुन्या चाळीतून तिथल्याच टॉवरच्या एकविसाव्या मजल्यावर आले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बांधकाम चालू असताना त्यांना आवारातील दुसऱ्या चाळीत तात्पुरती खोली मिळाली होती, त्यामुळे मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत चाळीतच वाढली. नव्या घरी आल्यापासून ती शाळेतून आली की टीव्हीसमोर बसून राही, खाली खेळायला जात नसे, रात्री आपली खोली सोडून आईच्या कुशीत येऊन झोपे आणि अधूनमधून “आपण परत कधी जायचं?” असे विचारी. चाळ तोपर्यंत जमीनदोस्त झालेली होती.

पहिल्या भेटीत सर्वांत जास्त दुखावलेले दिसले ते वडील. “मॅडम, मी लग्न झाल्यावरसुद्धा पॅसेजमध्ये झोपलोय,” ते म्हणाले. “सकाळी संडासाच्या रांगेत उभं राहून कामावर गेलोय. हिला आयती स्वतःची खोली मिळाली आणि ही तोंड पाडून बसते.” त्यांचा राग मला समजू शकत होता. मुंबईतील बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. तिथल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या वाढल्या आणि पुनर्विकासात त्यांच्या वाट्याला ५०० चौरस फुटांचे घर आले. ज्याने आयुष्यभर या घराची वाट पाहिली, त्याला मुलीचे दुःख कृतघ्नपणासारखे वाटणे स्वाभाविक आहे. अडचण अशी की मुलीलाही वडिलांचा राग कळत होता, म्हणून ती बोलायचीच बंद झाली होती.

मी तिला दोन नकाशे काढायला सांगितले, एक जुन्या घराचा आणि एक नव्या घराचा. जुन्या घराच्या नकाशात त्यांची राहती खोली कागदाच्या एका कोपऱ्यात जेमतेम मावली होती. उरलेल्या कागदावर मधला लांब पॅसेज, जिना, दोन मैत्रिणींची दारे, पापड वाळत घालणाऱ्या आजींची खोली, गणपतीचा मंडप जिथे पडतो ती जागा आणि किराणा दुकान होते. नव्या घराच्या नकाशात तिची खोली, स्वयंपाकघर आणि लिफ्टचे बंद दार एवढेच होते. विचारल्यावर ती म्हणाली, “तिकडे मला कुणाला विचारावं लागायचं नाही. इकडे आई मोकळी असली तरच जायचं.”

पालकांच्या नजरेतून सुटलेली गोष्ट हीच होती. घराचे क्षेत्रफळ तिप्पट झाले होते आणि मुलीचा वावर मात्र एका फ्लॅटपुरता आक्रसला होता. सोडतीत घरे मिळाल्यामुळे एका मजल्यावरचे शेजारी वेगवेगळ्या मजल्यांवर विखुरले होते. मुलांनी एकट्याने लिफ्ट वापरू नये अशी पाटी होती, दारे बंद होती आणि खाली गाड्यांची ये-जा होती. चाळीत सहाव्या वर्षापासून मोकळेपणाने हिंडणारी मुलगी दहाव्या वर्षी पुन्हा आईचे बोट धरून चालू लागली होती. अशा वेळी मुलाचे वागणे वयापेक्षा लहान झाले, तर नवल नाही.

म्हणून मी पालकांना पहिली गोष्ट सांगितली, ती म्हणजे नव्या घराची जाहिरात थांबवणे. “बघ, किती छान आहे” हे वाक्य ऐकले की जुन्या घराची आठवण काढणे हा अपराध ठरतो. त्याऐवजी वडिलांनी तिच्यासोबत बसून चाळीचा नकाशा पुरा करावा, असे ठरले. त्यांनी आपल्या लहानपणीची ठिकाणे त्यात भरली आणि त्या निमित्ताने, आईच्या सांगण्याप्रमाणे, घरात प्रथमच कुणीतरी मोकळेपणाने हळहळले. सामान हलवण्याच्या दिवसांत मुलीला मामाकडे पाठवले होते, हेही तेव्हाच बोलण्यात आले. मुले मध्ये मध्ये येतात म्हणून पुष्कळ पालक असे करतात. माझ्या मते ते टाळावे. रिकामी खोली डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला ती संपली हे मान्य करणे सोपे जाते.

दुसरे काम तिचा वावर परत मिळवून देण्याचे होते आणि त्याला वेळ लागला. जुने शेजारी कोणत्या मजल्यावर आहेत याची यादी इंटरकॉम क्रमांकांसह तिनेच केली. लिफ्टमधली धोक्याची घंटा कशी वाजवायची, लिफ्ट अडकली तर काय करायचे, हे शिकवून वडिलांनी सोसायटीच्या कमिटीशी बोलून घेतले आणि मग ती आधी दोन मजले जिन्याने, पुढे लिफ्टने एकटी जाऊ लागली. संध्याकाळी तासभर सेफ्टी डोअर लावून मुख्य दार उघडे ठेवायचे ठरले. पापडवाल्या आजींच्या घरी आठवड्यातून एकदा डबा पोचवण्याचे काम तिच्याकडे आले. झोपेच्या बाबतीत घाई केली नाही. आधी आईच्या खोलीत तिची वेगळी गादी, मग दोन्ही खोल्यांची दारे उघडी, असा क्रम ठेवला. खेळणे आणि बोलणे लवकर सुरू झाले, वेगळे झोपणे बरेच उशिरा.

डोंबिवली, विरार किंवा बदलापूरकडे जाणाऱ्या कुटुंबांपुढे शाळेचा प्रश्न वेगळा असतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला सरकारी वा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे आणि दाखला उशिरा मिळाला एवढ्या कारणावरून तिथला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. तरीही शक्य असेल तर घर उन्हाळ्याच्या सुट्टीत बदलावे, म्हणजे जूनमध्ये वर्गातले सगळेच नव्याने बसतात.

पहिले काही आठवडे चिडचिड, रडे किंवा चिकटून राहणे चालू राहिले तरी घाबरू नये. मात्र सहा महिने किंवा अधिक काळ कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, तर त्याचे कारण घरबदल असेल असे गृहीत न धरता आधी बालरोगतज्ज्ञांकडून लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता आणि मधुमेह यांची तपासणी करून घ्यावी. खाणे, झोप किंवा शाळेत जाणे दोन महिन्यांनंतरही रुळावर येत नसेल, तर समुपदेशकाची भेट घ्यावी. तोपर्यंत टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या शासकीय क्रमांकावरही बोलता येते.