वाचक विचारतात : अल्बेनियन माणसे, त्यांची भाषा आणि सोयरीक

नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईत गायिका दुआ लिपा हिचा कार्यक्रम झाला, तेव्हापासून अल्बेनियन लोकांविषयी विचारणारी पत्रे या सदराकडे येत आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. मदर तेरेसा यांच्यामुळे भारताशी इतका जवळचा संबंध असलेल्या या समाजाची आपल्याकडे फारशी ओळख नाही याची खंत मला बऱ्याच वर्षांपासून आहे, त्यामुळे काही उत्तरे लांबली आहेत.

प्रश्न : दुआ लिपा ब्रिटिश आहे, मदर तेरेसा आजच्या उत्तर मॅसिडोनियातल्या स्कोप्ये शहरात जन्मल्या, तरीही दोघींना अल्बेनियन म्हणतात. मग अल्बेनियन नेमके कोणाला म्हणावे? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : अल्बेनिया नावाचा देश आणि अल्बेनियन नावाचा समाज यांच्या सीमा जुळत नाहीत. २८ नोव्हेंबर १९१२ रोजी व्लोरा या बंदराच्या गावी इस्माईल केमाली यांनी ऑटोमन साम्राज्यापासून स्वातंत्र्य घोषित केले. त्यानंतर युरोपातील बड्या सत्तांनी लंडनमध्ये बसून ज्या सीमा आखल्या, त्यांत अल्बेनियन बोलणाऱ्यांचा फार मोठा भाग देशाबाहेर राहिला. त्यामुळे आज अल्बेनियात सुमारे २४ लाख लोक राहतात, शेजारच्या कोसोव्होत बहुसंख्य लोक अल्बेनियन आहेत, आणि उत्तर मॅसिडोनियाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा सुमारे एक चतुर्थांश आहे. दक्षिण इटलीत तर पंधराव्या शतकापासून आर्बरेश नावाने ओळखली जाणारी अल्बेनियन गावे आहेत, आणि तेथील वृद्ध माणसे अजूनही आपली जुनी बोली बोलतात. कोसोव्होने १७ फेब्रुवारी २००८ रोजी सर्बियापासून स्वातंत्र्य जाहीर केले, परंतु भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही, हेही लक्षात ठेवावे.

दुआ लिपाचे आईवडील कोसोव्होतून लंडनला गेले. २०१६ च्या युरो फुटबॉल स्पर्धेत झाका आडनावाचे दोन सख्खे भाऊ परस्परांविरुद्ध खेळले, ग्रानित स्वित्झर्लंडकडून आणि ताउलांत अल्बेनियाकडून. असे विखुरलेपण या समाजात घरोघरी आढळते. मदर तेरेसांच्या वाट्याला मात्र त्याचे फार कठोर रूप आले. १९२९ मध्ये त्या भारतात पोहोचल्या. त्यांची आई आणि बहीण पुढे अल्बेनियाची राजधानी तिराना येथे स्थायिक झाल्या, आणि एन्व्हर होजा यांच्या साम्यवादी राजवटीने ना त्या दोघींना बाहेर पडू दिले, ना मदर तेरेसांना देशात येऊ दिले. १९७२ मध्ये आई वारली, त्यानंतर बहीणही गेली. मदर तेरेसांना अल्बेनियात पाऊल ठेवता आले ते १९८९ मध्ये. आज तिरानाच्या विमानतळाला त्यांचे नाव आहे. हे नाव वाचताना त्या सक्तीच्या ताटातुटीचीही आठवण ठेवली पाहिजे, असे मला वाटते.

प्रश्न : अल्बेनियन भाषा ग्रीकसारखी आहे, तुर्कीसारखी आहे की रशियनसारखी? (भाषाशास्त्राची विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : तिन्हींपैकी एकीसारखीही नाही. ती इंडो-युरोपीय कुळातलीच, म्हणजे मराठीची दूरची नातेवाईक आहे, परंतु त्या कुळात तिची शाखा स्वतंत्र आहे आणि त्या शाखेवर दुसरी जिवंत भाषा नाही. ‘त्रे’ म्हणजे तीन, ‘शतात’ म्हणजे सात, ‘नात’ म्हणजे रात्र, एवढ्यावरूनही जुने नाते ओळखू येते. अल्बेनियन लोक स्वतःला प्राचीन इलिरियन लोकांचे वंशज मानतात, परंतु इलिरियन भाषेचे अवशेष इतके तुटपुंजे आहेत की विद्वानांमधील हा वाद मिटलेला नाही.

बोलणारे आपल्या भाषेला ‘श्क्यिप’ म्हणतात. श्कुम्बिन नदीच्या उत्तरेला घेग आणि दक्षिणेला तोस्क अशा तिच्या दोन मुख्य बोली आहेत. ज्ञात असलेले पहिले छापील पुस्तक १५५५ मधले असून ते ज्यॉन बुझुकु या कॅथलिक धर्मगुरूने सिद्ध केले. मात्र त्यानंतर साडेतीन शतके लिपीचा प्रश्न सुटला नव्हता. कॅथलिक लॅटिन अक्षरे वापरत, ऑर्थोडॉक्स बहुधा ग्रीक आणि मुसलमान अरबी. १९०८ मध्ये मोनास्तिर येथे, म्हणजे आजच्या बितोला शहरात, तिन्ही धर्मांची शिकलेली माणसे एकत्र बसली आणि त्यांनी लॅटिन लिपी पत्करली. त्यातूनच आजची छत्तीस अक्षरांची वर्णमाला रूढ झाली. धर्मापेक्षा भाषा मोठी मानणारा हा निर्णय, माझ्या मते, या समाजाच्या इतिहासातील सर्वांत शहाणा निर्णय होय. १९७२ मध्ये प्रमाणभाषा ठरली ती मुख्यतः तोस्क बोलीच्या पायावर, आणि घेग बोलणाऱ्या उत्तरेकडच्या लोकांच्या मनात त्याची सल अजून आहे.

मराठी वाचकाला ओळखीचे वाटतील असेही शब्द तेथे आहेत. ‘दुकान’ या अर्थी ‘द्युक्यान’, ‘बाजार’ या अर्थी ‘पझार’, ‘हिशेब’ या अर्थी ‘हेसाप’, आणि ‘दुश्मन’ तर जवळजवळ जसाच्या तसा. फारसी-अरबी शब्द आपल्याकडे सुलतानी आणि मोगल कारभारातून आले, तिकडे ऑटोमन तुर्कीतून गेले.

प्रश्न : अल्बेनिया मुसलमान देश आहे का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : घटनेप्रमाणे नाही आणि व्यवहारातही तसे म्हणणे अपुरे ठरेल. २०२३ च्या जनगणनेत निम्म्याहून थोड्या कमी लोकांनी आपण सुन्नी मुसलमान असल्याचे नोंदवले. त्यांच्याखेरीज बेक्ताशी या सूफी परंपरेचे लोक आहेत, उत्तरेत कॅथलिक आहेत आणि दक्षिणेत ऑर्थोडॉक्स. तुर्कस्तानात १९२५ मध्ये सूफी पंथांवर बंदी आल्यानंतर बेक्ताशींचे जागतिक केंद्र तिरानाला आले. १९६७ मध्ये होजा राजवटीने धर्माचरणच बेकायदा ठरवले, मशिदी आणि चर्च बंद केली किंवा पाडली, पुरोहितांना तुरुंगात टाकले, आणि ही बंदी १९९० पर्यंत टिकली. परिणामी मधल्या काळात वाढलेल्या पिढीला आपल्या आजोबांचा धर्म माहीत असतो, पण प्रार्थना माहीत नसते. कोसोव्होत मुसलमानांचे प्रमाण बरेच अधिक आहे, परंतु तेथेही राज्य धर्मनिरपेक्ष आहे. भिन्नधर्मीय विवाह अल्बेनियात सर्रास होतात.

प्रश्न : ‘बेसा’ (दिलेला शब्द) आणि रक्ताचा सूड या दोन्ही गोष्टी एकाच समाजात कशा नांदतात? (निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

उत्तर : कारण दोन्ही एकाच झाडाला आल्या आहेत. उत्तर अल्बेनियाच्या डोंगरांत ऑटोमन अंमल नावापुरता होता. तेथे न्यायालय नव्हते, पोलीस नव्हते. समाज चालत होता तो तोंडी परंपरेने आलेल्या ‘कानून’वर, ज्याला पंधराव्या शतकातील सरदार लेक दुकाग्यिनी यांचे नाव जोडले जाते. श्त्येफन ग्येचोवी या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने गावोगावी फिरून त्याची कलमे टिपली. १९२९ मध्ये त्यांची हत्या झाली आणि १९३३ मध्ये श्कोदर येथे ते संकलन ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

या कानूनात शेतीच्या बांधापासून हुंड्यापर्यंत सर्व काही आहे, परंतु त्याचा कणा म्हणजे दिलेला शब्द, अर्थात बेसा. अल्बेनियन माणसाचे घर देवाचे आणि पाहुण्याचे असते, असे तो सांगतो. दारात आलेला मनुष्य आपल्या भावाचा मारेकरी असला तरी तो छपराखाली असेपर्यंत त्याचे रक्षण करणे यजमानाला बंधनकारक ठरते. त्याच कानूनात रक्ताच्या बदल्यात रक्त घेण्याचा नियमही आहे, आणि सुडाच्या भीतीने कुटुंबातील पुरुष वर्षानुवर्षे घराबाहेर न पडण्याचे प्रकार १९९१ नंतर, राजवट कोसळल्यावर, उत्तरेत पुन्हा सुरू झाले. मुलांची शाळा बुडते, शेत पडीक राहते आणि घर चालवण्याचा सगळा भार बायकांवर येतो. या प्रथेला शौर्य म्हणून गौरवणारे लेखन मला सहन होत नाही.

तिच्यावरचा उपाय मात्र याच समाजाने शोधला. १९९० मध्ये कोसोव्होतील लोकसाहित्याचे प्राध्यापक अंतोन चेत्ता आणि त्यांच्याबरोबरचे तरुण विद्यार्थी वैर असलेल्या घरी जाऊन ‘रक्त माफ करा’ अशी विनंती करू लागले. १ मे रोजी वेरात ए लुकस या ठिकाणी प्रचंड जनसमुदायासमोर कुटुंबांनी एकमेकांना क्षमा केली, आणि या मोहिमेत शेकडो वैरे मिटली. क्षमा करणाऱ्या घरांनी तेथे आपला शब्द दिला होता, आणि कानूनाच्या मुशीत वाढलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धातील उदाहरणही येथे सांगितलेच पाहिजे. १९४३ मध्ये जर्मन फौजा आल्या, तेव्हा अल्बेनियातील मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबांनी ज्यूंना शेतकरी वेशात, नावे बदलून, आपल्या घरी लपवले. युद्ध संपले तेव्हा त्या देशात आधीपेक्षा अधिक ज्यू होते. कोसोव्होत मात्र १९४४ मध्ये ज्यूंची धरपकड होऊन त्यांना छावण्यांत धाडले गेले. पहिली गोष्ट अभिमानाने सांगताना दुसरी झाकू नये.

प्रश्न : आमची मुलगी झ्युरिकमध्ये नोकरी करते. तिने मूळच्या कोसोव्होतील अल्बेनियन कुटुंबातल्या तरुणाशी लग्न करायचे ठरवले आहे. मुलगा चांगला आहे, पण घराविषयी काही कळत नाही. नातेवाईक नाना तऱ्हेच्या शंका काढतात. आम्ही काय विचारावे? (एक आई, ठाणे)

उत्तर : ताई, ‘अल्बेनियन म्हटले की गुन्हेगार’ ही शंका सर्वप्रथम मनातून काढून टाका. १९९७ मध्ये अल्बेनियात फसव्या गुंतवणूक योजना बुडाल्या, लोकांची पुंजी गेली, शस्त्रागारे लुटली गेली आणि त्या अराजकात गुन्हेगारी टोळ्या फोफावल्या, हे खरे आहे. पण त्यावरून स्वित्झर्लंडमधील कष्टकरी कुटुंबांना जोखणे अन्यायाचे होईल. तेथील कोसोव्हो-अल्बेनियन लोकांची पहिली पिढी युगोस्लाव्हियाच्या काळात हंगामी मजूर म्हणून बांधकामावर आणि शेतांवर राबायला गेली. १९९८-९९ च्या युद्धात लाखो लोक घरांतून हाकलले गेले, तेव्हा अनेक कुटुंबे आश्रयासाठी तेथे पोहोचली. तुमच्या होणाऱ्या व्याह्यांच्या घरात त्या दिवसांच्या आठवणी असण्याची शक्यता मोठी आहे. त्या त्यांनी सांगितल्या तर शांतपणे ऐका, स्वतःहून खोदून विचारू नका.

नात्यांच्या बाबतीत तुम्हाला परके वाटणार नाही. मामा ‘दाया’, मावशी ‘तेझे’, आत्या ‘हाला’, आणि काकांनाही वेगळा शब्द. आपल्याप्रमाणेच त्यांनाही ही चार नाती एका शब्दात कोंबता येत नाहीत. पित्याकडचे नाते म्हणजे रक्ताचे झाड आणि मातेकडचे म्हणजे दुधाचे झाड, अशी कानूनाची भाषा आहे. पित्याच्या कुळात कितीही पिढ्या लोटल्या तरी विवाह वर्ज्य मानला जातो, हे सगोत्र विवाह टाळणाऱ्या घरांना सहज समजेल. जुन्या चालीप्रमाणे मुलाचे पहिले केस कापणारा मनुष्य ‘कुम्बार’ म्हणून त्या घराचा आप्त होतो आणि पुढे त्या दोन घरांत सोयरीक होत नाही. लग्ने बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये होतात, कारण परदेशातील नातलग तेव्हाच सुट्टीवर गावी येतात. वराकडचे वऱ्हाड, ज्याला ‘क्रुश्क्य’ म्हणतात, गाड्यांचा ताफा घेऊन, पुढे लाल ध्वजावरचा दुतोंडी काळा गरुड फडकवत वधूला आणायला जाते.

आता विचारायचे प्रश्न. लग्नानंतर दोघे स्वतंत्र राहणार की सासूसासऱ्यांबरोबर? कोसोव्होच्या खेड्यांत अनेक भावांचे एकत्र कुटुंब अलीकडेपर्यंत रूढ होते आणि ‘नुसे’ म्हणजे नव्या सुनेने पाहुण्यांपुढे उभे राहून कॉफी द्यावी अशी अपेक्षा असे. शहरांत आणि परदेशात हे मागे पडले आहे, पण घरागणिक फरक आहे. मुलांची नावे, धर्म आणि भाषा यांविषयी दोघांचे बोलणे झाले आहे का? मुलगा धर्म मानतो का, आणि त्याचे आईवडील मानतात का, हे दोन वेगळे प्रश्न समजा. मालमत्तेविषयीही संकोच न करता बोला. कोसोव्होत कायद्याने मुलीला समान वाटा आहे, पण अनेक बहिणी तो भावांसाठी सोडून देतात. हक्कसोडपत्रावर सह्या करणाऱ्या आपल्याकडच्या लेकींची गोष्ट तुम्हाला वेगळी सांगायला नको.

कायद्याची बाजू सरळ आहे. स्वित्झर्लंडमध्ये धार्मिक विधीपूर्वी नागरी विवाह व्हावा लागतो. मुलगी भारतीय नागरिक असेल तर १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याखालील नोंदणीविषयी भारतीय दूतावासात विचारता येईल. मुलाकडे केवळ कोसोव्होचे पारपत्र असेल, तर ठाण्यात स्वागत समारंभाची तारीख ठरवण्याआधी त्याच्या व्हिसाची चौकशी दूतावासात करा. आणि शक्य झाल्यास लग्नाआधी एकदा त्यांच्या घरी जाऊन राहा. पाहुणे म्हणून तुम्हाला जो मान मिळेल, त्यातून घराची पारख पत्रातल्या कोणत्याही सल्ल्यापेक्षा अधिक चांगली होईल.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत आणि तिरानाला जाणार आहोत. काही सूचना? (दांपत्य, नाशिक)

उत्तर : ‘ब्युरेक’ हा पातळ थरांचा भाजलेला पदार्थ पालक, भोपळा किंवा ताजे चीज घालूनही मिळतो, परंतु खिम्याचाही असतो, म्हणून आधी विचारून घ्या. मिरची, टोमॅटो आणि ‘ग्यिझ’ नावाचे दह्यासारखे चीज घालून केलेली ‘फर्गेस’ उत्तम, मात्र काही ठिकाणी तीत कलेजी घालतात. घरात शिरताना जोडे काढण्याची रीत तुमच्या सवयीचीच आहे. ‘पो’ म्हणजे हो आणि ‘यो’ म्हणजे नाही. जुनी माणसे होकार देताना मान आडवी हलवतात आणि नकार देताना वरखाली, तेव्हा ताट वाढून घेताना मानेवर विसंबू नका, शब्द ऐका.