ईएनटी ओपीडीत अ‍ॅलर्जी टेस्टिंग सुरू करताना: कोर्स नंतर, आधी हात

प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावी ईएनटी प्रॅक्टिस आहे, शिंका आणि चोंदलेलं नाक घेऊन येणारे पेशंट रोजचे, आणि आता स्किन प्रिक टेस्ट (अ‍ॅलर्जेनचा, म्हणजे अ‍ॅलर्जी करणाऱ्या पदार्थाचा, थेंब त्वचेवर ठेवून त्यातून टोचायची चाचणी) व इम्युनोथेरपी (त्याच अ‍ॅलर्जेनचे चढते डोस देऊन शरीराला सवय लावणं) सुरू करायची आहे. कोर्स कुठला करावा, किट कुठलं घ्यावं, आणि मोठं हॉस्पिटल हाताशी नसताना हे झेपेल का?

कोर्सचं आधी सांगून टाकतो. आपल्याकडे इंडियन कॉलेज ऑफ अ‍ॅलर्जी, अस्थमा अँड अप्लाइड इम्युनॉलॉजी ही जुनी संस्था आहे. इम्युनोथेरपीबद्दलच्या तिच्या भारतीय मार्गदर्शक सूचनांची २०१७ची आवृत्ती पहिल्या आठवड्यात वाचून काढा. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये श्वसनमार्गाच्या अ‍ॅलर्जीवर कार्यशाळा होत आल्या आहेत. फक्त ईएनटीवाल्यांसाठी म्हणून असलेली संस्था अमेरिकेत आहे, अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ ओटोलॅरिंजिक अ‍ॅलर्जी, १९४१ पासूनची. त्यांचं शिक्षण चांगलं आहे, पण एक गोष्ट लक्षात ठेवून घ्या. त्यांच्या परंपरेत पाचपट डायल्यूशनची इंट्राडर्मल टेस्ट (त्वचेच्या आत इंजेक्शन देऊन केलेली) मोठी जागा घेते: १ मिली एक्स्ट्रॅक्ट (अ‍ॅलर्जेनचा अर्क) आणि ४ मिली डायल्युएंट (पातळ करायचं द्रव), मग त्यातलं १ मिली पुन्हा ४ मध्ये, असं १:५, १:२५, १:१२५ करत खाली जायचं. त्यामागे प्रमाणित एक्स्ट्रॅक्ट आणि रोज तेच काम करणारी नर्स गृहीत धरलेली असते. एकट्याच्या ओपीडीत पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका. प्रिक टेस्ट नीट बसवा. नाकाच्या अ‍ॅलर्जीला बहुतेक वेळा तेवढी पुरते.

वीकेंडच्या कार्यशाळा भरपूर निघतात. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या (एमएमसी) नोंदणी नूतनीकरणाला पाच वर्षांत ३० क्रेडिट लागतात, तेवढ्यासाठी केलेल्या ठीक आहेत. बाकी कोर्स निवडताना तीन गोष्टी विचारा: टोचणं प्रत्येकाच्या हाताखाली होतं का, की समोरच्या टेबलावर फक्त दाखवतात, सोबत सिस्टर किंवा टेक्निशियनला आणता येतं का, आणि किट विकणारी कंपनीच शिकवते आहे का. तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर ७०-८० अ‍ॅलर्जेनचं पॅनल गळ्यात पडणार हे धरून चाला.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या ओपीडीत टेस्ट प्रत्यक्ष तुम्ही करणार नाही, सिस्टर करणार. म्हणून शिकवायचं तिलाही, आणि तिच्या हाताची परीक्षा घ्यायची. पद्धत ठरलेली आहे. स्टाफमधल्या कुणाच्या तरी पाठीवर, अर्थात संमतीने आणि त्यांच्या अँटिहिस्टामिनच्या गोळ्या बंद असताना, हिस्टामिन (याने गांध उठायलाच हवी) आणि ग्लिसरिन-सलाइन (याने उठायला नको) आलटूनपालटून प्रत्येकी दहा ठिकाणी टोचायचं. हिस्टामिनच्या गांधी (टोचल्यावर उठणारे फुगवटे) ८ मिनिटांनी आणि सलाइनच्या जागा १५ मिनिटांनी बारीक पेनने कडेकडेने आखायच्या, पारदर्शक चिकटपट्टी वर दाबून ती आखणी कागदावर उतरवायची. प्रत्येक गांधीचा सर्वांत लांब व्यास आणि त्याला काटकोनातला व्यास मोजून सरासरी घ्यायची. मग हिस्टामिनच्या त्या दहा आकड्यांचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत ते) भागिले सरासरी. उत्तर ३० टक्क्यांच्या आत हवं. समजा आकडे मिमीमध्ये असे आले: ६, ५, ७, ६, ५.५, ६.५, ४, ६, ७, ५. सरासरी ५.८, विचलन साधारण ०.९५, म्हणजे १६ टक्के. हात तयार आहे. सलाइनची एकही गांध ३ मिमीला पोचता कामा नये. पोचली तर लॅन्सेट (टोचायची बारीक सुई) खोल जातोय किंवा फिरवला जातोय. हे वर्षातून एकदा, आणि लॅन्सेटची जात बदलली की पुन्हा करायचं. कागद फाइलला लावून ठेवा. कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा या एका कागदावर मी जास्त विश्वास ठेवीन.

टेस्टच्या दिवशी गडबड बहुतेक औषधांमुळे होते. अँटिहिस्टामिन ५ ते ७ दिवस बंद हवं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण पेशंट सांगतो, "मी फक्त मॉन्टेलुकास्ट घेतो", आणि त्याच गोळीत लिव्होसेट्रिझिन असतं. मेडिकलमधून आणलेल्या सर्दीच्या गोळीत आणि खोकल्याच्या सिरपमध्ये क्लोरफेनिरामिन असतं. आणि आपणच चक्करेसाठी लिहून दिलेली सिनारिझिन, मेक्लिझिन, प्रोमेथाझिन ही सगळी त्याच कुळातली. ईएनटी ओपीडीत हे हमखास निसटतं. मायग्रेनसाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिन चालू असेल तर १-२ आठवडे लागतात, आणि ते बंद करायचं की नाही हे ज्यांनी सुरू केलं त्यांना विचारून. अ‍ॅझेलास्टिनचा स्प्रेही काही दिवस आधी थांबवा. नुसतं मॉन्टेलुकास्ट आणि नाकातला स्टेरॉइड स्प्रे चालू राहू द्या. हातावर स्टेरॉइडचं मलम लावत असतील तर त्या जागी टेस्ट नको. सरळ नियम ठेवा: गोळ्यांची पाकिटं सोबत आणायची, नावं सांगायची नाहीत.

टोचताना कोपराखालची आतली बाजू वापरा, मनगटापासून २-३ सेंमी आणि कोपराच्या खळगीपासून ३ सेंमी सोडून. दोन थेंबांत किमान २ सेंमी अंतर. त्याहून जवळ घेतलं तर एकाची लाली दुसऱ्यावर जाते आणि खोटे पॉझिटिव्ह दिसतात. त्वचेला तेल लावलेलं असेल तर स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या. प्रत्येक अ‍ॅलर्जेनला नवा लॅन्सेट. पुसून तोच वापरणं म्हणजे एकाचं एक्स्ट्रॅक्ट दुसऱ्यात नेणं. रक्त दिसलं तर ती जागा बाद. मिनिटभराने थेंब टिपून घ्यायचे, पण टिशू आडवा ओढायचा नाही. वाचन १५ मिनिटांनी. सलाइनपेक्षा ३ मिमी किंवा जास्त मोठी गांध म्हणजे पॉझिटिव्ह. रिपोर्टवर प्लस-प्लस न लिहिता मिलिमीटर लिहा, म्हणजे दोन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरलाही अर्थ लागेल. हिस्टामिनची गांधच ३ मिमीला पोचली नाही तर टेस्ट निगेटिव्ह नाही, अवैध आहे. आणि सलाइनलाच गांध आली तर डर्मोग्राफिझम, म्हणजे नुसत्या टोचण्या-ओरखड्यानेच गांध उठणारी त्वचा. त्याला रक्तातला स्पेसिफिक आयजीई (त्या-त्या अ‍ॅलर्जेनविरुद्धचं प्रतिद्रव्य) पाठवा.

पॅनल १२ ते १५ अ‍ॅलर्जेनचं पुरे. घरातले माइट (धुळीतले सूक्ष्म किडे), म्हणजे डर्माटोफॅगॉइड्सच्या दोन्ही जाती, आणि दमट हवेत, विशेषतः कोकणपट्टीत, ब्लोमिया हा माइटही, झुरळ, मांजर-कुत्रा पेशंटच्या घराप्रमाणे, बुरशीत अल्टर्नेरिया, क्लॅडोस्पोरियम आणि अ‍ॅस्परजिलस, परागांत हरळी, गाजरगवत, काटेमाठ, एरंड, वेडी बाभूळ आणि वावळा. गाजरगवताची देशातली पहिली नोंद १९५०च्या दशकात पुण्याचीच, त्यामुळे आपल्याकडे ते वगळून चालणार नाही. तुमच्या तालुक्यात काय केव्हा फुलतं हे बघून यादी थोडी हलवा. जवळच्या कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक अर्ध्या तासात सांगतील. नाकाच्या तक्रारीला ४० खाद्यपदार्थांची टेस्ट लावू नका. आयजीजी या दुसऱ्या प्रतिद्रव्यावर चालणारी "फूड इन्टॉलरन्स" पॅनल तर अ‍ॅलर्जीचं निदान करतच नाहीत. त्यांचा रिपोर्ट पाहून आईने पोराचं दूध, गहू, अंडं बंद केलेलं असतं, आणि ते पुन्हा सुरू करून देण्यातच आपला वेळ जातो.

पॉझिटिव्ह टेस्ट म्हणजे आजार नव्हे, हे पहिल्या महिन्यात सतत स्वतःला सांगावं लागतं. हरळीला ६ मिमी आली, पण त्रास वर्षभर आणि सकाळी अंथरुणातून उठतानाच होतो, तर संशय माइटवर. इथे आपली एक जमेची बाजू आहे: नाकात घालायची दुर्बीण. मिडल टर्बिनेटचं (नाकाच्या आतल्या बाजूच्या भिंतीवरची मधली घडी) टोक पांढुरकं, सुजून पॉलिपसारखं लोंबतंय आणि सायनस बाहेरच्या बाजूला बऱ्यापैकी स्वच्छ आहेत, असं दिसलं तर इनहेल्ड अ‍ॅलर्जीचा धागा जोर धरतो. उलट, सेप्टम (नाकाचा मधला पडदा) पार एका बाजूला गेलेला असेल तर इम्युनोथेरपीचं कितीही व्हॅक्सिन देऊन ती नाकपुडी उघडणार नाही. इम्युनोथेरपीच्या आधी स्प्रे मारायची पद्धतही एकदा समोर करून घ्या. उजव्या नाकपुडीला डावा हात, टोक पडद्याकडे नाही तर डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. "स्प्रेने फरक नाही" म्हणणारे बरेच जण इथेच सुटतात.

एक्स्ट्रॅक्टबद्दल सावध राहा. आपल्याकडची बरीच एक्स्ट्रॅक्ट वजन-आकारमानात (इतक्या द्रवात किती वजनाचा कच्चा माल), १:१० किंवा १:५० अशी मिळतात. हा आकडा त्यातल्या मुख्य प्रथिनाची ताकद सांगत नाही, त्यामुळे एका कंपनीचं १:५० दुसरीच्या १:५० इतकंच असेल असं नाही. कंपनी बदलली तर मेंटेनन्सचा (चढवून झाल्यावर कायम ठेवलेला) डोस तसाच पुढे चालू ठेवू नका, खालून चढा. त्याच कंपनीची नवी बॅच असली तरी पहिला डोस कमी करा. बुरशी आणि झुरळाच्या एक्स्ट्रॅक्टमध्ये प्रोटिएज असतात, ती परागांची प्रथिनं तोडतात. दोन्ही एका व्हायलमध्ये नको. दहा-दहा अ‍ॅलर्जेन एकत्र घातले की प्रत्येकाचा डोस इतका पातळ होतो की पाच वर्षं टोचूनही हाती काही लागत नाही. दोन-तीन नेमके निवडा. साठवण २ ते ८ अंशांत. फ्रीजरच्या कप्प्याला टेकलेली व्हायल गोठली तर टाकून द्या. तालुक्याला लोडशेडिंग असतंच, म्हणून फ्रीजमध्ये किमान-कमाल थर्मामीटर आणि रोजची नोंद हवी.

सुरक्षिततेचं. दम्याचा पेशंट त्या दिवशी घरघरत असेल किंवा एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात जोरात सोडलेली हवा) अपेक्षेच्या ७० टक्क्यांखाली असेल तर टेस्टही नाही, इंजेक्शनही नाही. प्रत्येक डोसाआधी पीक फ्लो मीटर (श्वास सोडण्याचा वेग मोजायचं छोटं साधन) फुंकायला लावा. बीटा-ब्लॉकर (रक्तदाब-हृदयाची औषधं) चालू आहेत का विचारा, काचबिंदूच्या टिमोलॉल थेंबांसकट. इंजेक्शननंतर ३० मिनिटं पेशंट तुमच्या नजरेसमोर बसला पाहिजे, बाहेर चहाच्या टपरीवर नाही. एवढं पाळणं जमणार नसेल तर इंजेक्शनच्या भानगडीत पडू नका.

अ‍ॅनाफिलॅक्सिसला (अचानक येणारी जीवघेणी अ‍ॅलर्जी) आपल्याकडे सवयीने एव्हिल (अँटिहिस्टामिन) आणि हायड्रोकॉर्टिझोन (स्टेरॉइड) आधी जातं, अ‍ॅड्रेनालिन "बघू, लागलं तर". क्रम याच्या उलट हवा. १ मिग्रॅ प्रति मिलीचं अ‍ॅड्रेनालिन, किलोला ०.०१ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत: १० किलोला ०.१, २० ला ०.२, ३० ला ०.३, मोठ्या माणसाला जास्तीत जास्त ०.५ मिली. पाच ते पंधरा मिनिटांत फरक नसेल तर पुन्हा. हा तक्ता भिंतीवर लावा. त्या क्षणी कुणालाही गुणाकार सुचत नाही. इन्सुलिनची सिरिंज ट्रेमध्ये नको: तिच्यावरचे आकडे युनिटचे, ४० युनिट म्हणजे १ मिली, आणि सुई स्नायूपर्यंत पोचत नाही. १ मिलीची साधी सिरिंज आणि २३ नंबरची इंचभर सुई, दोन्ही अँप्यूलला चिकटपट्टीने बांधून ठेवा. पेशंटला आडवं करा, पाय वर, ऑक्सिजन, सलाइन. दम लागला असेल तरच बसवा, आणि बरं वाटतंय म्हणून एकदम उभं करू नका. नुसता घाम, फिकटपणा आणि मंद नाडी असेल, खाज-गांधी काहीच नाही, तर बहुधा टोचण्याच्या भीतीने आलेली भोवळ. नाडी जलद आणि अंगावर लाली असेल तर वाट पाहू नका. अ‍ॅड्रेनालिन दिल्यावर पेशंट घरी नाही, किमान काही तास देखरेख असलेल्या ठिकाणी जाईल, आणि ते ठिकाण व रुग्णवाहिकेचा नंबर आधीच ठरलेला असावा. अँप्यूल तपकिरी झाली की बदला. दर तीन महिन्यांनी सिस्टरला न सांगता घड्याळ लावून तालीम घ्या. मांडीत सुई जाईपर्यंत दोन मिनिटांहून जास्त लागली तर ट्रेची मांडणी चुकीची आहे.

सुरुवात करायची तर पहिले तीन महिने नुसती टेस्ट करा, इंजेक्शन नको. त्यानंतर दमा नसलेले, एकट्या माइटचे, तिशीच्या आतबाहेरचे पेशंट घ्या, आणि पहिल्याच दिवशी सांगा: चढता डोस आठवड्याला एक-दोनदा काही महिने, मग दर २ ते ४ आठवड्यांनी, एकूण किमान तीन वर्षं. ऊसतोडीला किंवा नोकरीसाठी अर्धं वर्ष बाहेर जाणाऱ्याला हे झेपणार नाही. त्याला जिभेखालचे थेंब किंवा नीट मारलेला स्प्रे बरा.