‘पाठवला’ म्हणजे पोचला का? : खुल्या मेसेजिंग प्रोटोकॉलविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी एक्सएमपीपी या खुल्या मेसेजिंग प्रोटोकॉलवर चालणारा मोबाइल क्लायंट (वापरणाऱ्याच्या फोनवरचे अ‍ॅप) लिहीत आहे. वायफाय सुटून मोबाइल डेटा सुरू झाला की मधले दोन-तीन मेसेज नाहीसे होतात. अ‍ॅपमध्ये ‘पाठवला’ अशी खूण दिसते, सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र त्यांचा मागमूस नसतो. चूक कुठे शोधू?

उत्तर : ती खूण तुम्ही कोणत्या क्षणी लावता, तिथे आधी पाहा. सॉकेटवर (नेटवर्क कनेक्शनच्या आपल्याकडच्या टोकावर) लिहिणे यशस्वी झाले की खूण लावत असाल, तर तिचा अर्थ एवढाच की बाइट्स तुमच्याच फोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या बफरमध्ये पडले. नेटवर्क बदलले की जुना आयपी पत्ता निकामी होतो, पण टीसीपी, म्हणजे बाइट्स पोचवणारा खालचा प्रोटोकॉल, लगेच हार मानत नाही. लिनक्समध्ये मूळ सेटिंगनुसार १५ वेळा पुन्हा पाठवून पाहिले जाते आणि त्यात साधारण १५ मिनिटे जातात. तेवढा वेळ अ‍ॅप मेलेल्या कनेक्शनवर बिनधास्त लिहीत राहते आणि एकही एरर येत नाही.

यावरचा उपाय एक्सईपी-०१९८, म्हणजे स्ट्रीम मॅनेजमेंट (एक्सईपी म्हणजे एक्सएमपीपीत भर घालणारा क्रमांकित दस्तऐवज, स्ट्रीम म्हणजे कनेक्शनवरून वाहणारा एक्सएमएलचा प्रवाह). लॉगिन आणि रिसोर्स बाइंडिंग (या उपकरणाला खात्यात वेगळे नाव मिळणे) झाल्यावर, सर्व्हरच्या फीचर्समध्ये ही सोय दिसत असेल तर ‘एनेबल’ पाठवा आणि त्यात ‘रिझ्यूम’ हे अ‍ॅट्रिब्यूट ‘ट्रू’ ठेवा. त्यानंतर पाठवलेला प्रत्येक स्टॅन्झा (एक्सएमपीपीतला एक पूर्ण एक्सएमएल घटक) रांगेत जपून ठेवायचा. ‘आर’ हा घटक पाठवला की समोरून ‘ए’ येतो आणि त्यातला ‘एच’ हा आकडा सांगतो की आतापर्यंत इतके स्टॅन्झा हाताळले. तेवढे रांगेतून काढायचे आणि खूण तेव्हाच लावायची.

बहुतेक जण मोजणीत चुकतात. मेसेज, प्रेझेन्स (हजर असल्याची सूचना) आणि आयक्यू (विनंती आणि तिचे उत्तर) हे तीनच प्रकारचे स्टॅन्झा मोजायचे. ‘आर’ आणि ‘ए’ मोजायचे नाहीत. आपण पाठवलेल्यांची मोजणी ‘एनेबल’ पाठवल्यापासून सुरू होते, आलेल्यांची ‘एनेबल्ड’ मिळाल्यापासून. या दोन क्षणांच्या मध्ये एखादा प्रेझेन्स गेला आणि तो मोजायचा राहिला, की पुढचे सगळे गणित एकाने चुकते. ही चूक दिवसेंदिवस दिसत नाही. कनेक्शन तुटून पुन्हा जोडले गेले की एक मेसेज दोनदा जातो किंवा एक हरवतो. म्हणून ‘एच’ हा आपण पाठवलेल्या संख्येपेक्षा मोठा आला तर तिथेच स्ट्रीम बंद करा, चूक झाकू नका. हा आकडा ३२ बिटांचा असतो, भरला की शून्यावर येतो. वजाबाकी त्या हिशेबाने लिहा.

‘आर’ला ठरावीक वेळात उत्तर आले नाही तर कनेक्शन मेले असे समजून नवे उघडा. ही मर्यादा तुम्ही ठरवायची. १५ ते ३० सेकंद सुरुवातीला ठीक. नव्या कनेक्शनवर लॉगिन झाले की बाइंडिंगऐवजी ‘रिझ्यूम’ पाठवा, त्यात जुन्या सत्राची ओळख आणि तुमचा ‘एच’ द्या. सर्व्हरने ‘रिझ्यूम्ड’ म्हटले तर त्याच्या ‘एच’पर्यंतचे रांगेतून काढा आणि उरलेले त्याच क्रमाने पुन्हा पाठवा. ‘फेल्ड’ आले तर सत्राची मुदत संपली आहे. त्या उत्तरातही कधी ‘एच’ असतो, तो वाया घालवू नका. मग नव्याने बाइंड करून उरलेले मेसेज पाठवा, पण आयडी जुनाच ठेवा, म्हणजे समोरच्या क्लायंटला दुबार मेसेज ओळखता येईल. एक्सईपी-०२०३ची वेळेची नोंदही जोडा, नाहीतर दहा मिनिटांपूर्वीचा निरोप आत्ताचा दिसेल.

इतके करूनही ती खूण फक्त ‘सर्व्हरपर्यंत पोचला’ एवढेच सांगते. समोरच्या उपकरणापर्यंत पोचल्याची पावती एक्सईपी-०१८४ने मिळते. दोन्हींसाठी एकच खूण वापरू नका, त्यात वापरणाऱ्याची फसवणूक होते.

चाचणी करताना अ‍ॅप बंद करून पाहू नका. तसे केले तर ऑपरेटिंग सिस्टिम कनेक्शन रीतसर मिटवते आणि दोष दिसतच नाही. फायरवॉलमध्ये ५२२२ पोर्टवर ‘ड्रॉप’चा नियम घाला. ‘रिजेक्ट’ नको, त्यात एरर ताबडतोब येते, आणि आपल्याला तर एरर न येणारी अवस्थाच हवी आहे.

प्रश्न : इंग्रजी मेसेज नीट येतात, पण मोठ्या मराठी मेसेजमध्ये अधूनमधून चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दिसतात. कधी कधी पार्सरच (आलेले एक्सएमएल वाचून उलगडणारा भाग) एरर देतो. हा फाँटचा दोष आहे का?

उत्तर : फाँटचा दोष असता तर तो कायम दिसला असता. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट्सचे असते. सॉकेटवरून येणारा तुकडा कुठेही तुटतो, त्या तीन बाइट्सच्या मधोमधसुद्धा. प्रत्येक तुकडा वेगळा स्ट्रिंगमध्ये बदलत असाल तर अर्धे अक्षर इकडे आणि अर्धे तिकडे पडते. इंग्रजी अक्षर एकाच बाइटचे असल्याने तिथे हा दोष लपून राहतो. बाइट्स थेट पार्सरला द्या, जोडाजोड त्याला करू द्या.

पार्सरही त्यासाठी प्रवाही हवा, एक्सपॅटसारखा. एक्सएमपीपीत अख्खे कनेक्शन हा एकच एक्सएमएल दस्तऐवज असतो आणि त्याचा मूळ टॅग सत्र संपेपर्यंत बंद होत नाही. संपूर्ण दस्तऐवजाची वाट पाहणारा पार्सर इथे कायमचा थांबून राहील. मूळ टॅगच्या लगेच आतला घटक बंद झाला की एक स्टॅन्झा पूर्ण झाला असे धरा. टीएलएस (कनेक्शनचे एन्क्रिप्शन) सुरू झाल्यावर आणि सॅसल (ओळख पटवण्याची पद्धत) लॉगिन यशस्वी झाल्यावर स्ट्रीम नव्याने सुरू होते, तेव्हा पार्सरही नवा घ्या. टीएलएसच्या आधी बफरमध्ये उरलेले सगळे फेकून द्या. मधल्या कुणीतरी घुसवलेला मजकूर सुरक्षित समजून वाचला जाण्याचा धोका तिथेच असतो. आरएफसी ६१२० (एक्सएमपीपीचे मूळ मानक) कॉमेंट, प्रोसेसिंग इन्स्ट्रक्शन आणि डीटीडी यांना मनाई करते. ते आले तर स्ट्रीम बंद करा.

प्रश्न : एकाच खात्याच्या दोन उपकरणांवर मेसेज दिसावेत म्हणून कार्बन्स (मेसेजची प्रत आपल्याच दुसऱ्या उपकरणाला मिळण्याची सोय) जोडले. आणखी काही करायला हवे का?

उत्तर : एक तपासणी, आणि ती वगळून चालणार नाही. कार्बन म्हणजे एका मेसेजच्या आत गुंडाळलेला दुसरा मेसेज. बाहेरच्या मेसेजचा ‘फ्रॉम’ तुमच्या स्वतःच्या खात्याचा, रिसोर्सविना पत्ता आहे का ते पाहा. नसेल तर तो कार्बन टाकून द्या. ही तपासणी नसेल तर कोणीही परका माणूस तुमच्या मित्राच्या नावाने बनावट मेसेज तुमच्या खिडकीत आणू शकतो. २०१७ मध्ये अनेक क्लायंटमध्ये हाच दोष सापडला होता. हीच काळजी रोस्टरच्या (संपर्कांच्या यादीच्या) बदलांबाबत घ्या. आयक्यूचे उत्तर आले तर आयडीबरोबर ‘फ्रॉम’ही जुळवा.

प्रश्न : एका नव्या सोयीचा कोड तयार आहे. तिचा एक्सईपी लिहायचा आहे, पण कोडपेक्षा लिहिणेच अवघड जाते. सुरुवात कशी करू?

उत्तर : चुकांपासून सुरुवात करा. सगळे सुरळीत चालले तर काय होते, हे प्रत्येक जण लिहितो. समोरच्याला ही सोय कळली नाही, अधिकार नसला, उत्तर आलेच नाही, तेच उत्तर दोनदा आले, अशा वेळी नेमके काय करायचे हे लिहिलेले नसते. आणि दोन क्लायंटचे जमत नाही ते नेमके तिथेच. प्रत्येक विनंतीखाली तिची एररही उदाहरणासह द्या.

‘मस्ट’ (केलेच पाहिजे), ‘शुड’ (करावे) आणि ‘मे’ (केले तरी चालेल) हे शब्द आरएफसी २११९च्या अर्थाने वापरायचे. ‘शुड’ लिहिले की ते केव्हा मोडले तर चालेल आणि मोडल्याने काय होईल, हे पुढच्याच वाक्यात सांगा. ते सांगता येत नसेल तर बहुधा तुम्हाला ‘मस्ट’ किंवा ‘मे’ म्हणायचे आहे. कर्ता कधीही गाळू नका. ‘आयडी तपासला जावा’ या वाक्यात तो क्लायंटने तपासायचा की सर्व्हरने, ते कळत नाही, आणि मग दोघेही तपासत नाहीत.

उदाहरणे हाताने टाइप करू नका. चालत्या कोडमधून खरी देवाणघेवाण टिपा, पत्ते बदला आणि ती दस्तऐवजात घाला. हाताने लिहिलेल्या उदाहरणात नेमस्पेस (सोयीची ओळख पटवणारे एक्सएमएलमधले नाव) चुकतो, आणि वाचणारे नियमापेक्षा उदाहरणच उचलतात. डोमेन ‘एक्झाम्पल डॉट कॉम’सारखेच ठेवा, ती नावे आरएफसी २६०६ने राखून ठेवली आहेत. नेमस्पेसच्या शेवटी आवृत्तीचा आकडा ठेवा, सुरुवात शून्याने. जुन्या कोडशी जमणार नाही असा बदल केला तरच तो वाढवा.

मसुदा एक्सएमपीपी स्टँडर्ड्स फाउंडेशनच्या पाच जणांच्या कौन्सिलपुढे जातो. स्वीकारला गेला की क्रमांक मिळतो आणि दर्जा ‘एक्सपेरिमेंटल’ होतो. १२ महिने त्यात काही बदल झाला नाही तर तो ‘डिफर्ड’ होतो. त्याने निराश व्हायचे कारण नाही, सुधारित आवृत्ती दिली की तो पुन्हा जिवंत होतो. सुरक्षेचा भाग शेवटी दोन ओळींत उरकू नका. वरचा कार्बन्सचा प्रश्न पुन्हा वाचा आणि आपल्या सोयीत कोण कोणाचे सोंग घेऊ शकेल, ते लिहा.

प्रश्न : आमच्या आयआरसी (ओळींवर चालणारा जुना चॅट प्रोटोकॉल) बॉटने पाठवलेल्या मराठी ओळी शेवटी तुटतात. का?

उत्तर : आयआरसीची एक ओळ शेवटच्या दोन बाइट्ससह ५१२ बाइट्सची असते. ही मर्यादा १९९३ च्या आरएफसी १४५९ पासूनची आहे. तिच्यात आज्ञा आणि चॅनेलचे नाव धरले जातेच. शिवाय सर्व्हर ती ओळ इतरांना देताना तुमचे टोपणनाव आणि होस्ट पुढे जोडतो, आणि बसत नाही तेवढे शेपूट कापतो. त्यामुळे मजकुरासाठी ४०० बाइट्स धरून चाला, म्हणजे देवनागरीची सुमारे १३० चिन्हे, काना-मात्रा वेगळ्या मोजून. ओळ बाइट्स मोजून पण शब्दांच्या मधल्या जागेवर तोडा, नाहीतर जोडाक्षराचे दोन तुकडे दोन ओळींत जातील.