गंज निघावा, पॉलिश राहावं

प्रश्न : घरात आजोबांची सुतारी हत्यारं आहेत: सागवानी रंधा, बाभळीच्या मुठींच्या पटाश्या, लोखंडी जॅक प्लेन (धातूचा रंधा). सगळ्यांवर गंज आणि काजळी. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवू का? प्लेनचा काळा रंग आणि मुठींचं पॉलिश जायला नको. (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : अजिबात बुडवू नका. व्हिनेगर गंजाबरोबर चांगलं लोखंडही खातं, काळ्या रंगाच्या कडेखाली शिरून पापुद्रे सोडवतं. बाभळीत टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर असतं. लोखंड विरघळलेलं व्हिनेगर मुठीला लागलं की शाईसारखे डाग पडतात, ते सहज निघत नाहीत.

आधी रंध्याची पाचर आणि पातं काढा, प्लेनही सुटा करा. मग मुठीच्या आडबाजूला स्पिरिटचा एक थेंब टाका. अर्ध्या मिनिटाने बोटाला चिकट लागलं, तर ते लाखेचं पॉलिश. त्याला स्पिरिट आणि थिनर पुन्हा लावू नका. टर्पेंटाइनने ओलसर केलेल्या सुती फडक्याने मळ हळूहळू सुटतो. काळ्या रंगाला कोमट पाणी, साबणाचा एखादा थेंब आणि मऊ टूथब्रश पुरे; लगेच कोरडं करा.

उघड्या पोलादावर रॉकेल लावून तासभर थांबा, मग चार शून्यांच्या (0000, अगदी बारीक) स्टील वूलने, म्हणजे पोलादी तंतूंच्या बोळ्याने, घासा. भांड्यांची तारेची घासणी चरे पाडते. तांबूस गंज गेला की थांबा. खाली उरणारा काळपट थर टिकाऊ असतो, पोलादाला तो राखतो. आरशासारखं चकाकवण्याच्या हौसेपायी जितकी जुनी हत्यारं बिघडतात, तितकी गंजानेही नाही. चकचकीत हवी ती फक्त पात्याची धारेजवळची सपाट बाजू.

पॉलिश उरलं नसेल तिथे जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात लावा, वीस मिनिटांनी पूर्ण पुसा. जादा राहिलं तर पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे चिकटतं. खोबरेल नको, ते वाळतच नाही. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका. तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. ती उघड्यावर पसरून वाळवा.

कोकणच्या हवेत धातूवर मेणाचा पातळ हात हवाच. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आत दमट हवा कोंडते.

प्रश्न : करवतीवरचा कारखान्याचा पुसट शिक्का कसा वाचवू?

उत्तर : शिक्का फार उथळ कोरलेला असतो. ६०० नंबरचा पॉलिश पेपर सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळा, तेल लावून पात्याच्या लांबीने हलके फिरवा. नुसत्या बोटाने घासलं तर कागद खोलगट भागात उतरतो आणि अक्षरं जातात.